मोरचूद, चुना आणि बोर्दोचे जॉन्स्टन

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वसईच्या वाडीत एक काम ठरलेले असे. आदल्या रात्री बाबा मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधून ती पुरचुंडी पाण्याने भरलेल्या मातीच्या रांजणात लोंबती सोडीत. दुसऱ्या रांजणात आई कळीचा चुना विरवी. सकाळी उठून पाहावे तो एका रांजणात आकाश उतरलेले आणि दुसऱ्यात दूध! मग दोघे दोन बाजूंना उभे राहत आणि एकाच वेळी, एकाच धारेने, ती दोन्ही पाणी मधल्या लाकडी पिंपात ओतीत. आधी एक आणि मागून दुसरे असे चालत नसे. तसे केले तर औषध फुटते, असे बाबा म्हणत. दोघांचा हात सारखा चालावा लागे. एरवी दिवसभर एकमेकांशी चार शब्दही न बोलणारी आमची आईबाबा त्या घटकेला मात्र एकमेकांच्या हाताकडे टक लावून पाहत असत.

आमच्याकडे कोयता धरण्याचे काम असे. त्याचे लखलखीत पाते पिंपातल्या निळसर द्रवात बुडवायचे, थोडे थांबायचे आणि बाहेर काढायचे. पात्यावर तांबूस पुट चढले, तर औषध अजून कडक आहे, वेलीचे पान जाळील असे समजायचे. मग आई आणखी थोडी चुन्याची निवळी ओती. पाते जसे आत गेले तसे बाहेर आले, की बाबा पाठीवर पंप चढवीत आणि पानवेलीच्या ओळींत शिरत. संध्याकाळी ते परतत तेव्हा त्यांचे हात, भुवया आणि सदऱ्याची कॉलर निळी झालेली असे.

या औषधाला घरात सगळे 'बोर्डो' म्हणत. शाळेत लोकल बोर्ड हा शब्द आम्ही ऐकला होता, तेव्हा हे औषध बोर्डाने दिले असणार, अशी आमची पक्की समजूत होती. पुढे भूगोलाच्या गुरुजींनी नकाशात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका नदीच्या वळणावर बोट ठेवून सांगितले, "तुझ्या बापाचे औषध या गावचे आहे." ते गाव बोर्दो. आमच्या वाडीत त्याचे बोर्डो झाले, एवढेच.

हे सारे आज लिहायला एक कारण घडले. गेल्या जून महिन्यात, पाऊस लागून आठ दिवस झाले असताना, तिन्हीसांजेला आमच्या दारात शेजारच्या वाडीचा मालक येऊन उभा राहिला. वयाने पंचेचाळिशीचा. शाळेत तो आमच्या हाताखालून गेलेला. त्याच्या वडिलांशी आमचा बांधावरून तंटा झाला आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांतले बोलणे बंद पडले. त्याला एकोणीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत लग्न, बारसे, मयत, कशालाही आमचा पाय त्यांच्या अंगणात पडला नाही, की त्यांचा आमच्या. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पानवेलीला मर लागली आहे. तीन ओळी बसल्या. बाबांच्या हातचे बोर्डोचे प्रमाण तुमच्याकडे लिहिलेले असेल ना?"

आम्ही काय उत्तर दिले, ते लिहिताना संकोच वाटतो. आम्ही म्हटले, "उद्या ये, शोधून ठेवतो." आणि दार लोटले. खरे तर शोधायचे काही नव्हते. बाबांची वही देवघराखालच्या फळीवर, नेहमीच्या जागी होती.

त्या रात्री झोप लागली नाही. वही उघडली, आणि तिच्याबरोबर बोर्दोची ती जुनी गोष्ट उघडली. निवृत्तीनंतर हौसेने मिळेल तिथून आम्ही ती वाचून काढली होती. वाचकांना ती सांगावीशी वाटते. तिच्यात एक श्रीमंत मद्यव्यापारी आहे, त्याचे पुढारीपणही आहे, त्याच्या घराण्याच्या नावाशी जोडलेला टेनिसचा खेळही आहे. पण यांतल्या एकाही गोष्टीमुळे तो आमच्या वाडीपर्यंत आलेला नाही.

गारोन नदीच्या डाव्या तीरावर बोर्दो शहराचा शार्त्राँ नावाचा एक भाग आहे. मध्ययुगात तिथे कार्थुसियन पंथाचे मौनव्रती संन्यासी येऊन राहिले. त्या पंथाच्या नावावरून भागाला हे नाव पडले. संन्यासी गेले, नाव राहिले आणि त्याच नदीकाठी पुढे द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्यांची लांबच लांब गोदामे उभी राहिली. हे व्यापारी बहुतेक परदेशी होते, बरेचसे प्रोटेस्टंट. बार्टन आणि लॉटन आयर्लंडचे, जॉन्स्टनही तिकडूनच आलेले. कोणी जर्मन, कोणी डेन्मार्ककडचे. शेतकऱ्याने द्राक्षे पिकवावी, रस आंबवावा आणि पिंपे भरून या व्यापाऱ्यांच्या स्वाधीन करावी. पिंप सव्वादोनशे लिटरांचे. मग व्यापाऱ्याने ते आपल्या तळघरात मुरवायचे, त्याची पारख करायची आणि जहाजाने लंडन, डब्लिन, अॅमस्टरडॅमला धाडायचे. पैसा मुरला तो तळघरात. मळ्यातल्या माणसाच्या वाट्याला मजुरी आली. या व्यापारी घराण्यांना बोर्दोचे लोक थोड्या कौतुकाने आणि थोड्या कुचेष्टेने 'बुचांचे सरदार' म्हणत.

जॉन्स्टनांची पेढी १७३४ सालची. या घराण्याने शहराला एक नगराध्यक्षही दिला. त्याचे नाव डेव्हिड जॉन्स्टन. १८३८ ते १८४२ अशी चार वर्षे त्याने बोर्दोचा कारभार पाहिला. त्याने शहराच्या बाकालाँ भागात चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा कारखाना काढला, शेकडो हातांना काम दिले. पण हिशेब जुळला नाही, कारखाना बुडाला आणि दुसऱ्याच्या हाती गेला. त्या कारखान्याच्या बशा आज संग्रहालयात मांडलेल्या असतात. नगराध्यक्ष म्हणून त्याने काय केले, हे मात्र इतिहासाचे अभ्यासक सोडले तर कोणी विचारत नाही.

आमच्या गोष्टीतला माणूस त्याच घराण्यातला, एका पिढीनंतरचा नॅथॅनिएल जॉन्स्टन. पेढी भरभराटीत होती. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदोक प्रांतातल्या नामांकित मळ्यांची पाच इयत्तांत प्रतवारी लावली. ती यादी आजही जवळपास तशीच मानली जाते. त्या यादीतल्या दुसऱ्या इयत्तेतला ड्युक्रू-बोकायू हा मळा १८६६ साली जॉन्स्टनांच्या घरात आला. 'बोकायू' म्हणजे सुंदर गोटे. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या जमिनीवर तो मळा आहे, म्हणून हे नाव. पाचव्या इयत्तेतला दोझाक हा मळाही त्यांचाच. नॅथॅनिएल राजकारणातही उतरला. १८६९ साली तो जिरोंद प्रांतातून संसदेवर निवडून गेला. प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाला, साम्राज्य कोसळले, त्यानंतर १८७१ साली भरलेल्या राष्ट्रसभेतही तो बसला. पेढी, मळा आणि मते, माणसाला मोठेपण मिळण्याची जेवढी दारे त्या काळी होती, ती सारी त्याला उघडी होती.

पण त्याच काळात द्राक्षवेलीवर एकामागून एक संकटे येत होती. आधी भुरी आली. तिला गंधकाने आवरले. मग अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्झेरा हा मुळे शोषणारा सूक्ष्म कीटक आला, आणि निम्म्याहून अधिक फ्रान्सच्या वेली मुळापासून वाळल्या. त्यावर उपाय निघाला तोही अमेरिकेतूनच. तिकडच्या वेलींच्या मुळांना हा कीटक फारसे इजा करू शकत नव्हता, म्हणून अमेरिकी खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा, असे ठरले. त्या खुंटांच्या आयातीबरोबर १८७८ च्या सुमारास तिसरा पाहुणा उतरला. आमच्या नाशिककडचे द्राक्षबागाईतदार ज्याला केवडा म्हणतात, तो हा रोग. दमट हवेत पानाखाली पांढरी बुरशी धरते, पाने गळतात, आणि उघड्या पडलेल्या घडात साखर भरत नाही. या रोगावर औषध नव्हते.

आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग येतो. बोकायूच्या परिसरात, सँ-ज्युलियाँ गावी, मळ्यांच्या कडेने रस्ते जात. येणारेजाणारे लोक, पोरेटोरे, रस्त्याकडेच्या ओळीतले घड तोडून खात. मळेवाल्यांनी यावर एक युक्ती काढली होती. तांब्याचा जंगाल पाण्यात कालवून तो रस्त्याकडेच्या पाच-सहा ओळींवर शिंपडायचा. घड आणि पाने निळीहिरवी, विषारी दिसत. चोराला वाटे, खाल्ले तर मरू. पुढे जंगाल महाग पडू लागला, म्हणून मोरचूद आणि चुना यांचे स्वस्त पाणी करून ते शिंपडू लागले. त्या पाण्यात औषध आहे, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ते केवळ भय दाखवण्याचे साधन होते. कुंपणच ते, फक्त रंगाचे.

१८८२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आलेक्सी मियार्दे त्या रस्त्याने चालले होते. केवड्याने सगळा मळा उघडाबोडका झालेला. पण रस्त्याकडेच्या ओळींवर पाने हिरवी, टवटवीत उभी! ते थांबले. त्यांनी पाने उलटून पाहिली, त्यांच्यावरचे निळसर डाग पाहिले आणि जॉन्स्टनच्या मळ्याचा कारभारी एर्नेस्ट डेव्हिड याला विचारले. कारभाऱ्याने चोरांची हकीकत सांगितली.

मियार्देंच्या जागी दुसरा कोणी असता, तर हसून पुढे गेला असता. त्यांनी पुढची दोन-अडीच वर्षे या एका गोष्टीला दिली. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायाँ यांना जोडीला घेतले. परंतु प्रयोगशाळेतल्या चार कुंड्यांनी मळा वाचत नाही. त्यासाठी कोणाचा तरी खराखुरा मळा हवा, आणि औषधाने वेली जळाल्या तर ते नुकसान सोसणारा मालक हवा. ती जागा जॉन्स्टनने दिली. दोझाक आणि बोकायू या त्याच्या दोन मळ्यांत, कारभारी डेव्हिडच्या देखरेखीखाली, मजुरांनी डाव्या हातात औषधाचे भांडे आणि उजव्या हातात लहानशी केरसुणी घेऊन ओळींमागून ओळींवर ते पाणी शिंपडले. चोरांच्या भयाने जे पाच-सहा ओळींवर पडत होते, ते आता साऱ्या मळ्यावर पडले. १८८५ साली मियार्देंनी आपले प्रमाण तिथल्या कृषिसंस्थेच्या नियतकालिकात छापून मोकळे केले. त्यांचे पहिले प्रमाण आमच्या वहीतल्यापेक्षा फार कडक होते. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद आणि वेगळ्या तीस लिटरांत पंधरा किलो चुना. पुढे अनुभवाने ते सौम्य होत गेले. बाबांच्या वहीत शंभर लिटरांना एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, असे आहे.

ज्याला वाचता येईल त्याला ते औषध करता येत होते. ते द्राक्षापुरतेही राहिले नाही. बटाट्याच्या करप्यावर त्याचा उपयोग होतो, हे लवकरच दिसून आले. इथे आम्ही प्रत्येक वेळी थबकतो. १८४५ ते १८४९ या काळात आयर्लंडमध्ये याच करप्याने बटाटा कुजला, दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने व तापाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांतली बहुतेक गरीब कॅथलिक कुळे होती. ज्या बेटावरून बोर्दोचे हे व्यापारी आले होते, तिथल्याच माणसांच्या ताटातले अन्न वाचवणारे औषध त्यांच्यापैकी एकाच्या मळ्यात सापडले, पण चाळीस वर्षे उशिरा. आमच्या पानवेलीची मर आणि बटाट्याचा करपा हे रोग एकाच कुळातले. म्हणून ते औषध वसईत आले. म्हणून आमचे बाबा निळे होत.

जॉन्स्टनांचे पुढे काय झाले? काळ पालटला. मेदोकच्या मळ्यांवर रोगांनी आणि मंदीने कर्ज चढले. १९१४ ला युद्ध आले. १९१७ ला रशियाचे गिऱ्हाईक गेले. १९२० पासून तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस ड्युक्रू-बोकायू हा मळा जॉन्स्टनांना विकावा लागला. साठ-बासष्ट वर्षांत तो आला आणि गेला. 'हे आमचे' म्हणून ज्याच्या कडेने चोरांसाठी निळे पाणी शिंपडले, तेच राहिले नाही. निळे पाणी राहिले.

या घराण्यांच्या वैभवाच्या शेवटच्या दिवसांत एक गोष्ट नव्याने आली होती. ती म्हणजे टेनिस. इंग्लंडशी व्यापार असल्याने इंग्रजांचे खेळ शार्त्राँच्या दिवाणखान्यांतून लवकर रुजले. १८९७ साली बोर्दोत 'व्हिला प्रिमरोझ' ही क्रीडासंस्था निघाली. जॉन्स्टन, लॉटन यांच्यासारख्या मद्यव्यापारी घराण्यांतली मंडळी तिच्या आवारात पांढरे कपडे घालून खेळू लागली. दिवसा पेढी, सायंकाळी मैदान आणि रात्री शहराच्या राजकारणाच्या गप्पा, असा त्यांचा क्रम. हा खेळ नुसता मिरवण्याचा नव्हता. १९०९ ची फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा पॅरिस सोडून याच आवारात झाली आणि मॅक्स देक्युजीने ती जिंकली. लॉटनांच्या घरातला डॅनियल लॉटन १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये खेळला. पुढे १९२१ साली जाँ सामाझय आणि १९२३ साली फ्रान्स्वा ब्लांशी, दोघेही बोर्दोचे, फ्रान्सचे विजेते झाले. घराण्यांचे मळे विकले जात असताना त्यांच्या गावची पोरे मैदानावर जिंकत होती!

आम्ही टेनिस कधी खेळलो नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि फुटबॉल एवढेच खेळ. दूरचित्रवाणीवर मात्र टेनिस पाहत आलो. या खेळातला एक नियम आम्हांला फार दिवस कोड्यात टाकी. मैदानाच्या कडेला पांढरी रेघ असते. चेंडू रेघेच्या आत पडला तर चांगला आणि बाहेर पडला तर वाया, हे कळते. पण रेघेवरच पडला तर? तो चांगलाच मानतात. रेघेला नुसता स्पर्श झाला तरी चांगला. म्हणजे रेघ आपल्या अंगणाची असली, तरी संशयाचा लाभ पलीकडून चेंडू मारणाऱ्याला. आपल्या हद्दीवर जे पडते, ते समोरच्याच्या खात्यावर जमा करायचे! जो ही गोष्ट कुरकुर न करता मान्य करील, त्यानेच तो खेळ खेळावा.

त्या जूनच्या रात्री वही मांडीवर घेऊन बसलो असताना हाच नियम आमच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि त्याने आमची बोबडी वळवली. कारण आमच्या आणि शेजाऱ्याच्या तंट्यातली एक गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नाही. बांधाची सरकारी मोजणी झाली होती. मोजणीत वादाची हातभर पट्टी त्यांच्या बाजूची निघाली. कागद आमच्याही हातात आला. आम्ही तो कपाटात ठेवला आणि काटेरी तारेचे कुंपण जिथे होते तिथेच राहू दिले. शेजारी वयस्क होते, आजारी होते. कोर्टकचेरी त्यांच्याने झाली नाही. दोन वर्षांनी ते वारले. गावात आम्ही सर म्हणून मान घेत राहिलो आणि हातभर पट्टीवर चार केळी लावून त्यांचे घड खात राहिलो. निळे पाणी शिंपडून चोराला भिववणारे मळेवाले निदान स्वतःच्या मालकीच्या ओळींवर शिंपडत होते. आमची तार तर दुसऱ्याच्या जमिनीत उभी होती.

बाबांची वही चाळताना आणखी एक नोंद दिसली. साल १९६४, आषाढ. बाबा खर्च टिपून ठेवीत, त्यांतलीच एक ओळ. मोरचूद, चुना आणि त्याखाली 'शेजारची वाडी, सहा ओळी'. ती सकाळ आम्हांला आठवते. तेव्हाही त्यांच्या वेलींना मर लागली होती आणि तेव्हाही पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत कुरबूर चालू होती. बाबा पंप घेऊन त्यांच्या वाडीत शिरले. आम्ही रागाने म्हणालो होतो, "आपले औषध त्यांच्यावर का?" बाबा म्हणाले, "रोगाला बांध दिसत नाही." त्यात उपकाराचा आव नव्हता. शेजारची वेल कुजली की आपलीही कुजते, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. पण तो हिशेब करताना त्यांनी पाटाचे भांडण मध्ये आणले नाही. आम्हांला एकोणीस वर्षांत तेवढे जमले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याची वाट पाहत बसलो नाही. वही काखेत मारली आणि एकोणीस वर्षांनी त्यांच्या अंगणात पाय ठेवला. त्याची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिले, क्षणभर काही बोलली नाही, मग सुनेला हाक मारून म्हणाली, "सरांना पाट दे बसायला." बस्स, एवढेच. आम्हांला वाटले होते काही ऐकून घ्यावे लागेल. ऐकून घ्यावे लागले असते तर बरे झाले असते.

त्याने मोरचूद आणून ठेवला होता. तो पत्र्याच्या डब्यात भिजत घालणार, इतक्यात आम्ही त्याला अडवले. मोरचूद लोखंडाला खातो आणि औषध बिघडते. मातीचे रांजण आता कोणाच्या घरी राहिलेले नाहीत, म्हणून प्लास्टिकचे दोन पिंप घेतले आणि एक मोठा तिसरा. त्याला सांगितले, औषध आजचे आजच संपव, शिळे ठेवू नकोस, आणि मुळांशीही ओत. आणखी एक सांगितले. ते बाबांना ठाऊक नव्हते. तांबे जमिनीत साठत जाते, ते नाहीसे होत नाही. बोर्दोच्या जुन्या मळ्यांच्या मातीत सव्वाशे-दीडशे वर्षांचे तांबे साचले आहे. त्यामुळे युरोपात २०१९ पासून त्यावर मर्यादा आली आहे. सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलोच्या वर तांबे जमिनीत जाऊ द्यायचे नाही. तेव्हा रोग दिसेल तेवढेच मार, हौस म्हणून मारू नकोस. चांगल्या गोष्टीचाही साठा वाढला की विष होते. रागाचे तर काय सांगावे!

मग ओतायची वेळ आली. एका बाजूला तो उभा राहिला. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून त्याने बायकोला हाक मारायला तोंड उघडले, तोच आम्ही चुन्याचा पिंप उचलला. वय झाले आहे, हात थरथरतो. तो आमच्या हाताकडे बघत होता, आम्ही त्याच्या. धार सारखी पडावी म्हणून त्याने आपला वेग कमी केला. निळे आणि पांढरे एकत्र आले आणि तो जुना, आमच्या लहानपणचा, ढगाळ निळा रंग तयार झाला. त्याने कोयत्याचे पाते बुडवले. काढले, तर त्यावर तांबूस छटा होती. "अजून कडक आहे," आम्ही म्हटले. आणखी थोडी निवळी ओतली. दुसऱ्या वेळी पाते स्वच्छ बाहेर आले.

तो पंप पाठीवर चढवीत असताना आम्ही कागद त्याच्या हाती दिला. मोजणीचा. त्याने उलगडून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "ठाऊक होते, सर. बाबांनी सांगितले होते. म्हणाले होते, सरांना आठवेल तेव्हा देतील."

या एका वाक्याचे उत्तर आमच्याकडे अजून नाही.

जॉन्स्टनने आपला मळा प्रयोगाला दिला, तेव्हा त्याच्या मनात काय होते, ते तोच जाणे. तो परोपकारी असेल, किंवा आपली द्राक्षे वाचावी एवढाच त्याचा हेतू असेल. पण मळा देताना त्याने हद्द थोडी मागे घेतली. त्याच्या पेढीचे नाव, त्याची खासदारकी, त्याच्या भाईबंदांचे टेनिस, यांतले काही वसईच्या वाडीपर्यंत पोचले नाही. पोचले ते एका निनावी चोराच्या धाकातून निघालेले आणि एका कारभाऱ्याने, एका प्राध्यापकाने व एका मालकाने मिळून साऱ्यांचे केलेले निळे पाणी.

तारेचे दोन खांब आम्ही त्याच आठवड्यात काढले. जमीन ओली होती, ते सहज निघाले. बाकीचे सात काढायचे आहेत. त्यातली चार केळी आता त्यांची. पहिला घड त्यांच्या आईने आमच्या घरी पाठवला. आमचीच लावलेली केळी, त्यांच्या जमिनीत वाढलेली, त्यांच्या घरून आलेली. आम्ही ती खाल्ली. गोड होती.